डीसेग्रिगेशन म्हणजे नेमकं काय, आणि मराठीत ते कसं लिहावं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या शाळांच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना ‘डीसेग्रिगेशन’ला, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना सक्तीने वेगळं ठेवण्याची पद्धत मोडण्याला, ‘एकत्रीकरण’ म्हटलं तर चालेल का? विचारणाऱ्या ताईंनी तसं लिहून पाहिलं आणि एका वाक्यापाशी त्या अडल्या. मूळ वाक्याचा आशय असा, की त्या शहरातल्या शाळा डीसेग्रिगेट झाल्या, पण इंटिग्रेट कधीच झाल्या नाहीत, म्हणजे त्यांतली मुलं एकमेकांत मिसळली नाहीत. दोन्हीकडे ‘एकत्र’ आलं की वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. त्यांची दुसरी शंका: एका सामाजिक संस्थेच्या अहवालात ‘जेंडर डीसेग्रिगेटेड डेटा’ असं छापलेलं दिसलं, तो हाच शब्द का?

मी तीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत इतिहास, कायदा आणि समाजशास्त्राचा मजकूर आणतो आहे. याच शब्दावर मी सुरुवातीला सपशेल चुकलो होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

दुसरी शंका आधी मिटवतो. नाही, तो हा शब्द नाही. अहवालात हवा होता तो ‘डिसॅग्रिगेटेड’, म्हणजे एकूण आकड्याची फोड करून दिलेला. गावातली १०० मुलं शाळेत जातात एवढंच न सांगता त्यात मुली किती आणि मुलगे किती हे वेगळं दाखवायचं. मराठीत ‘लिंगनिहाय आकडेवारी’ किंवा ‘स्त्री-पुरुष अशी फोड केलेली आकडेवारी’ म्हणावं. कानाला दोन्ही शब्द सारखे लागतात, म्हणून ही चूक मी छापील इंग्रजी अहवालांतही वारंवार पाहिली आहे. मूळ इंग्रजीतच चूक असेल तर अनुवादकाने ती मराठीत वाहून आणू नये. संस्थेला कळवावं आणि मराठीत बरोबर लिहावं.

या दोन्ही शब्दांचं मूळ मात्र एकच आहे: लॅटिन ‘ग्रेक्स’, म्हणजे कळप. ‘सेग्रिगेट’ करणं म्हणजे कळपातून बाजूला काढणं. मेंढपाळ खरूज झालेलं मेंढरू बाजूला काढतो, तसं. हे मूळ मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्यात कर्ता दडलेला आहे. मेंढरू आपण होऊन बाजूला जात नाही, त्याला कोणीतरी काढतं. शब्दाच्या आधी ‘डी’ लागला की ते काढणं उलटवायचं, मोडायचं. म्हणजे या शब्दात आधी एक सक्ती गृहीत आहे, आणि नंतर ती सक्ती मोडण्याची कृती. मराठी प्रतिशब्द शोधताना या दोन गोष्टी, सक्ती आणि मोडणं, हातातून निसटल्या की सगळं बिघडतं.

सक्ती कशी होती ते एका उदाहरणावरून पाहा. लुइझियाना राज्याने १८९० मध्ये कायदा केला, की रेल्वेत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे असतील. १८९२ मध्ये होमर प्लेसी नावाचा माणूस पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते आणि दिसायलाही तो गोराच होता. कायद्याला आव्हान देण्यासाठी ठरवूनच तो बसला, ठरल्याप्रमाणे त्याला अटक झाली आणि खटला वर गेला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने कायदा उचलून धरला. सोयी सारख्या असतील तर वेगळेपणात अन्याय नाही, हे तत्त्व तिथून रूढ झालं. त्या कायद्यात एक अपवाद होता: दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना हा नियम लागू नाही. म्हणजे काळी बाई गोऱ्या मालकाचं मूल मांडीवर घेऊन गोऱ्यांच्या डब्यात बसू शकत होती. तीच बाई दुसऱ्या दिवशी स्वतःचं तिकीट काढून आली तर तिला उठवत.

हा अपवाद ध्यानात ठेवला तर ‘सेग्रिगेशन’साठी ‘विलगीकरण’ का चालत नाही ते आपोआप कळतं. विलगीकरण म्हणजे अंतर ठेवणं. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी तो शब्द अनुभवला. त्यात रोग्याची काळजी आहे आणि ठरावीक दिवसांनी सुटका आहे. लुइझियानाच्या कायद्याला अंतराशी काही देणंघेणं नव्हतं, दाई तर मुलाला छातीशी धरून बसली होती. त्याला पायरी दाखवायची होती. नोकर म्हणून चालशील, प्रवासी म्हणून नाही.

मराठीत वापरले जाणारे बाकीचे शब्दही असेच अडखळतात. ‘पृथक्करण’ म्हटलं की पाणी किंवा माती तपासणारी प्रयोगशाळा समोर येते. ‘वर्गीकरण’ आता ओल्या-सुक्या कचऱ्याला चिकटलं आहे. ‘विभक्त’ हा शब्द मला सगळ्यांत फसवा वाटतो, कारण आपल्याकडे भाऊ विभक्त होतात, चूल वेगळी मांडतात, आणि त्यात दोघांची संमती असते. ‘वर्णभेद’ वाईट नाही, पण तो फार मोठा आहे. मनातला तिरस्कार, नोकरीतला अन्याय, दक्षिण आफ्रिकेतली राजवट असं सगळं त्याच्या पोटात येतं. शाळेच्या दारावरचा नियम सांगायला तो कामाचा नाही, कारण नियम एका दिवसात रद्द होऊ शकतो, वर्णभेद होत नाही. म्हणून मी ‘सेग्रिगेशन’साठी पहिल्यांदा ‘वंशावरून केलेली सक्तीची विभागणी’ असं उलगडून लिहितो. एकदा वाचकाच्या मनात ते बसलं की पुढे नुसतं ‘सक्तीची विभागणी’ पुरतं. लांब आहे, मान्य. पण सक्ती दिसते.

आता ‘डीसेग्रिगेशन’कडे येतो, आणि माझ्या चुकीकडे. पहिल्याच मोठ्या कामात मी त्याला ‘एकात्मीकरण’ लिहिलं होतं. पानापुरतं ते छान वाचलं जात होतं. मग १९५५ सालचा एक परिच्छेद आला आणि माझा मजकूर कोलमडला.

त्याआधीची पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत असते. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मताने सांगितलं, की सरकारी शाळांमध्ये वंशावरून मुलं वेगळी ठेवणं घटनाबाह्य आहे. कान्सास, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि डेलावेअर या चार राज्यांतले दावे त्यात एकत्र होते. राजधानी वॉशिंग्टनच्या दाव्याचा निकाल त्याच दिवशी वेगळा लागला. थर्गूड मार्शल पालकांच्या बाजूने लढलेल्या वकिलांचे प्रमुख होते, अर्ल वॉरन सरन्यायाधीश होते. वर्षभराने, ३१ मे १९५५ रोजी अंमलबजावणीचा निकाल आला. त्यात तारीख नव्हती. हे काम विचारपूर्वक पण शक्य तितक्या लवकर करावं, अशा आशयाची भाषा होती. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला ‘विचारपूर्वक’ तेवढा उचलला.

मग साउथ कॅरोलायनाचा दावा खालच्या न्यायालयात परत आला, तेव्हा न्यायाधीश जॉन पार्कर यांच्या पीठाने अर्थ लावला, की घटना इंटिग्रेशनची सक्ती करत नाही, ती फक्त भेदभाव करायला मनाई करते. मी ‘डीसेग्रिगेशन’ला एकात्मीकरण लिहून बसलो होतो. आता माझ्या मराठीत एक न्यायालय एकात्मीकरणाचा हुकूम देत होतं, आणि वर्षभराने दुसरं न्यायालय त्याच हुकमाचा अर्थ सांगताना घटना एकात्मीकरण मागतच नाही असं म्हणत होतं. वाचकाला वाटलं असतं, खालच्या न्यायालयाने वरच्याचा निकाल फिरवला. तसं घडलं नव्हतं. वरच्याने विभागणी मोडायला सांगितली होती. खालच्याने म्हटलं, विभागणी मोडली की काम संपलं, मुलांना शेजारी बसवणं आमचं काम नाही. पुढची तेरा वर्षं सगळा झगडा या दोन अर्थांमधल्या फटीत झाला, आणि मी ती फट मराठीत बुजवून टाकली होती.

हा फरक केवळ पंडितांचा नाही. अमेरिकेच्या कायद्यानेच या शब्दाची व्याख्या करून ठेवली आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या चौथ्या भागात म्हटलं आहे, की डीसेग्रिगेशन म्हणजे विद्यार्थ्याचा वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश न पाहता त्याला सरकारी शाळेत आणि शाळेच्या आतही जागा देणं. लिंगाचा उल्लेख त्यात १९७२ मध्ये घातला गेला. लगेच पुढे एक ‘पण’ आहे: वांशिक असमतोल दूर करण्यासाठी मुलांच्या शाळा ठरवणं म्हणजे डीसेग्रिगेशन नव्हे. कायद्यात एखादा शब्द काय आहे हे सांगून लगेच तो काय नाही हेही लिहावं लागतं, तेव्हा त्यावरून केवढी ओढाताण झाली असेल याचा अंदाज येतो.

उलट्या टोकाला मार्टिन ल्यूथर किंग होते. १९६२ च्या अखेरीस नॅशव्हिल इथे केलेल्या भाषणात त्यांनी हे दोन्ही शब्द समोरासमोर ठेवले. डीसेग्रिगेशन हे काढून टाकणारं, नकारार्थी काम आहे, असं त्यांनी मांडलं. कायदे अडथळे हटवतील, पण इंटिग्रेशन म्हणजे माणसाने माणसाला मनापासून स्वीकारणं, आणि ते न्यायालयाच्या हुकमाने होत नाही. म्हणजे न्यायाधीश पार्कर आणि किंग दोघंही हा फरक करत होते. एकाला तिथे थांबायचं होतं आणि दुसऱ्याला तिथून पुढे जायचं होतं. मराठी वाचकाला हे दिसायचं असेल तर दोन वेगळे शब्द हवेतच.

आणि मग १९६८ मध्ये शब्दाचा अर्थच पुढे सरकला. हा भाग मी कोणालाही सांगताना घाई करत नाही, कारण सगळं मर्म इथे आहे. व्हर्जिनियात न्यू केंट नावाचा एक ग्रामीण परगणा आहे. तिथे दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. साधारण १,३०० मुलं, त्यांत ७४० काळी आणि ५५० गोरी. वस्त्या मिसळलेल्या होत्या, त्यामुळे ‘जवळची शाळा’ हा नियम लावला असता तरी मुलं आपोआप एकत्र आली असती. तसं होऊ नये म्हणून दोन्ही शाळांच्या बस परगणाभर एकमेकींचे रस्ते कापत फिरत. सरकारी अनुदान जाईल या भीतीने शाळा मंडळाने १९६५ मध्ये ‘निवडीचं स्वातंत्र्य’ जाहीर केलं: ज्याला जी शाळा हवी ती घ्या. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने काळ्यांची शाळा निवडली नाही. १९६७ मध्ये ११५ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली. शंभरातली पंच्याऐंशी होती तिथेच राहिली. मंडळाचं म्हणणं, दार उघडं आहे, आता आमचा काय दोष?

सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. ज्यांनी दोन शाळांची व्यवस्था उभी केली, ती मुळासकट उपटण्याची जबाबदारीही त्यांचीच, असं न्यायालय म्हणालं. काळ्यांची शाळा आणि गोऱ्यांची शाळा असं काही उरायला नको, नुसत्या शाळा उरल्या पाहिजेत. म्हणजे १९५५ मध्ये डीसेग्रिगेशनचा अर्थ ‘मनाईची पाटी काढणं’ इतका पातळ करता येत होता. १९६८ नंतर त्याचा अर्थ ‘त्या पाटीने घडवलेली सगळी व्यवस्था मोडणं’ असा झाला. १९७१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराच्या खटल्यात त्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत पाठवणंही न्यायालयाने वैध ठरवलं. म्हणून मजकूर कोणत्या सालचा आहे हे पाहिल्याशिवाय मी या शब्दाला हात लावत नाही. १९५६ च्या लेखात ‘मुलांना प्रवेश खुला करणे’ बरोबर असेल. १९७० च्या लेखात तेच लिहिलं तर लेखकाच्या तोंडी त्याच्या विरोधकांची भूमिका घातली जाते.

आकडा सांगायचा तर १९५४ च्या निकालानंतर दहा वर्षांनीही दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्या मुलांसोबत शिकणारी काळी मुलं शंभरात जेमतेम एक-दोन होती. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात १९५७ साली नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवायला अध्यक्ष आयझेनहॉवर यांना छत्रीधारी सैन्य पाठवावं लागलं, आणि पुढच्या वर्षी राज्याने शहरातल्या माध्यमिक शाळाच बंद ठेवल्या. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ पासून पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळांना टाळं लावलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांची पाच वर्षं गेली ती गेली. इतक्या ताणातून गेलेल्या शब्दाला मराठीत ‘एकत्रीकरण’ म्हणताना माझा हात आता थांबतो.

वाक्यरचनेबद्दल एक गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा उमगली. इंग्रजीत डीसेग्रिगेट होते ती शाळा, बस, सैन्य, पोहण्याचा तलाव किंवा जेवणाचा काउंटर. माणसं नव्हे. क्रियापदाचं कर्म संस्था असते. आपण मराठीत लिहिताना नकळत ‘काळ्या विद्यार्थ्यांना सामावून घेतलं’ असं लिहून जातो. त्यात दोन घोटाळे होतात. बदल विद्यार्थ्यांमध्ये झाल्यासारखा वाटतो, आणि ‘सामावून घेतलं’मध्ये घेणाऱ्याचा मोठेपणा येतो. बदलायचं होतं ते संस्थेने. तेव्हा वाक्याचा रोख संस्थेकडेच ठेवावा: ‘शाळेतली वंशावरची विभागणी मोडली’, ‘विद्यापीठाने गोऱ्यांपुरता राखलेला प्रवेश सर्वांना खुला केला’.

कर्ता कोण हेही वाक्यागणिक पाहावं. कधी न्यायालय असतं. कधी अध्यक्ष असतो: ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी सैन्याबद्दल जो आदेश काढला तो डीसेग्रिगेशनचा आदेश म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याच्या मजकुरात हा शब्दच नाही, तिथे समान वागणूक आणि समान संधी असे शब्द आहेत. तो आदेश मराठीत आणताना ‘विभागणी मोडण्याचा आदेश देतो’ असं घातलं तर ती भर अनुवादकाची ठरेल. प्रत्यक्षात विभागणी मोडायला कोरियाच्या युद्धाचा रेटा लागला आणि शेवटच्या काळ्या तुकड्या १९५४ मध्ये बरखास्त झाल्या. आणि कधी कर्ता साधी माणसं असतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी एका दुकानातल्या गोऱ्यांसाठीच्या काउंटरवर कॉफी मागत बसले. कॉफी मिळाली नाही, ते उठले नाहीत. जुलैअखेर तो काउंटर सर्वांसाठी खुला झाला. अलाबामातल्या माँटगमेरी शहराच्या काळ्या रहिवाशांनी बसमधल्या विभागणीविरुद्ध १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, पायी चालले. अशा ठिकाणी इंग्रजी लेखक लिहितो, की त्या विद्यार्थ्यांनी काउंटर डीसेग्रिगेट केला. मराठीत ‘काउंटर सर्वांसाठी खुला झाला’ असं लिहिलं की विद्यार्थी गायब होतात. ‘खुला करायला लावला’ असं लिहा. त्या एका ‘लावला’मध्ये सहा महिन्यांचं बसणं आहे.

हे ‘खुला करणं’ मला कुठून सापडलं ते सांगतो. नवा शब्द घडवण्याच्या खटपटीत मी बरीच वर्षं घालवली, आणि मग लक्षात आलं, की ज्या भाषेत पाणवठे, शाळा आणि देवळं खुली करण्याची लढाई झाली तिच्याकडे या कामाचं क्रियापद नसेल कसं? आपल्याकडच्या नोंदी पाहा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव झाला, की सरकारी पैशातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण तळ्यावर जायची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ते तळं खुलं झालं. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, खटला झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं.

ठराव १९२४ चा, पाणी १९२७ चं, निकाल १९३७ चा. न्यू केंटचा कागदावरचा खुला प्रवेश आणि महाडचा कागदावरचा खुला तलाव हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तळ्यावर जाण्याचं कारण तहान नव्हतं, आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी जायचं आहे, हे बाबासाहेबांनी महाडलाच सांगितलं होतं. पुढे भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबद्दल जी तरतूद आली ती अर्थाने डीसेग्रिगेशनचीच आहे, शब्द मात्र तिथे नाही.

पण इथे एक काळजी घ्या. क्रियापद उचलायचं, नाम नाही. अमेरिकेच्या मजकुरात ‘अस्पृश्यता’, ‘शिवाशिव’, ‘गावकुसाबाहेर’ असे शब्द घालण्याचा मोह होतो, मलाही होतो. ते शब्द विटाळाच्या कल्पनेतून आले आहेत आणि त्यांना जातीचा इतिहास आहे. अमेरिकेतली विभागणी गुलामगिरीच्या शेवटानंतर राज्यांच्या लिखित कायद्यांनी बांधली गेली. मुलाला मांडीवर घेणारी ती दाई आठवा. ते चित्र शिवाशिवीच्या चौकटीत बसत नाही. दोन दुःखांना एकमेकांचे कपडे घातले की दोन्हींचा अपमान होतो.

‘एकत्रीकरणा’वर माझा राग आहे त्याला आणखी एक कारण आहे. तो शब्द ऐकून वाटतं, दोघं अर्ध्या अर्ध्या वाटेवर येऊन भेटले. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी तसं झालं नाही. काळ्यांच्या शाळा बंद झाल्या, त्यांतले हजारो काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीला मुकले, शाळांची नावं आणि त्यांच्या स्नेहसंमेलनांच्या प्रथा पुसल्या गेल्या, आणि मुलं गोऱ्यांच्या इमारतीत गेली. विभागणी मोडली, पण मोडण्याची किंमत एकाच बाजूने भरली. मजकुरात शाळा बंद झाल्याचा उल्लेख असेल तर कोणाची शाळा हे मराठीत स्पष्ट लिहा, इंग्रजीत ते संदर्भाने कळत असलं तरी.

उत्तरेकडच्या शहरांचा मजकूर आला तर अजून एक जोडी भेटेल: कायद्याने लादलेली विभागणी आणि प्रत्यक्षात झालेली विभागणी. दुसरीला काही लेखक ‘आपोआप झालेली’ म्हणतात, मी ते टाळतो. कोणाला कुठे घर मिळेल, कोणाला कर्ज मिळेल, हे ठरवणारे लोक होते, म्हणून वस्त्या तशा झाल्या. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मताने सांगितलं, की उपनगरांच्या शाळा मंडळांनी विभागणी केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा शहराची विभागणी मोडण्यासाठी त्यांना ओढता येणार नाही. शहरात काळी मुलं, उपनगरात गोरी, आणि मध्ये कायदेशीर हद्द. त्याच वर्षी बोस्टनमध्ये गोऱ्या वस्तीतल्या शाळेकडे निघालेल्या काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. त्यानंतरच्या लेखनात ‘रीसेग्रिगेशन’ हा शब्द वाढत जातो. त्याला ‘विभागणी पुन्हा येणं’ असं साधं लिहावं.

राहिलं ‘इंटिग्रेशन’. किंग यांच्या अर्थाने असेल तर ‘एकोपा’ अपुरा पडतो आणि ‘एकात्मता’ म्हटलं की राष्ट्रीय एकात्मतेची शपथ आठवते. मी ‘मिसळून जाणं’, ‘बरोबरीने एकत्र नांदणं’ असं संदर्भाप्रमाणे लिहितो. शाळेच्या बाबतीत ‘एकत्र शिकणं’ बहुतेक वेळा पुरतं. आणि ‘डीसेग्रिगेशन’ हे नाम फार वेळा येणार असेल, शीर्षकात, खटल्याच्या नावात किंवा व्याख्येत, तर देवनागरीत तसंच ठेवायला मला संकोच वाटत नाही. मात्र पहिल्या वेळी ‘वंशावरून केलेली सक्तीची विभागणी मोडणे’ असा उलगडा जोडा.

आता तुमचं अडलेलं वाक्य. मजकूर १९६० च्या दशकातल्या शहराबद्दल आहे आणि पुढच्या परिच्छेदात वर्ग, खेळाचे संघ आणि जेवणाची टेबलं वेगळीच राहिल्याचं लेखकाने लिहिलं आहे, असं तुम्ही कळवलंत. मी असं लिहीन: ‘त्या शहरातल्या शाळांमधली काळ्या-गोऱ्यांची सक्तीची विभागणी मोडली, पण मुलं एकमेकांत कधीच मिसळली नाहीत.’ मात्र एकदा मूळ पान पुन्हा पाहा. टेबलं आणि वर्ग कोणी वेगळे ठेवले, मुलांनी की शाळेने? शाळेने ठेवले असतील तर ‘मिसळली नाहीत’ हा मुलांवर ठपका होईल. मग वाक्य असं करावं लागेल: ‘शाळांनी काळ्या मुलांना प्रवेश खुला केला, पण आत घेतल्यावरही त्यांना वेगळंच बसवलं.’